मोकळ्या नळीचा पंचनामा

अर्जरावांची एकही तक्रार आजवर मुदतीत पोहोचली नव्हती, आणि यात आपला काडीचाही दोष नाही, असे त्यांचे ठाम मत होते. गळक्या टाकीविषयीचा अर्ज त्यांनी इतका घोटून लिहिला की तो पुरा होईतो टाकीच बदलली गेली. शिंप्याने तंग शिवलेल्या पँटविरुद्धचे निवेदन अंतिम मसुद्यापर्यंत आले, तोवर ते स्वतःच रोडावले आणि पँट सैल झाली. न्यायालयाच्या अभिलेखकक्षात पुराव्याच्या वस्तूंना लाखेची मोहोर लावण्यात ज्याची सव्वीस वर्षे गेली, त्याला घाई शोभत नाही. हल्ली जगाला मात्र घाईखेरीज काहीच शोभत नाही. शेजारीपाजारी त्यांना अर्जराव म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

त्यांच्या पत्नीने पन्नाशीत गाडी चालवण्याचा परवाना काढला आणि संसारात प्रथमच स्वतःसाठी काही मागितले. कोणाच्या मिनतवाऱ्या न करता, हवे तेव्हा थोरल्या बहिणीकडे जाता यावे, इतकेच. म्हणून वापरलेली एक गाडी घेतली. दलालाच्या कागदावर स्पष्ट लिहिले होते : सात दिवसांच्या आत लेखी दोष दाखवल्यास गाडी परत. ते वाचताच बाई धास्तावल्या आणि अर्जराव कामाला लागले. सहा दिवस त्यांनी आसनांची शिवण तपासली, हॉर्नचा सूर तपासला, डिकीत डोके घालून वास घेतला. गाडी निर्दोष निघत होती आणि अर्जरावांचे जेवण उतरत नव्हते.

सातव्या दिवशी सकाळी वायपरचे पाणी भरायला त्यांनी बॉनेट उचलले. इंजिनाच्या मागच्या भिंतीतून बोटभर जाडीची काळी रबरी नळी बाहेर आली होती, आणि तिचे दुसरे टोक कशालाही न जोडता खुशाल लोंबकळत होते.

"सापडलं," अर्जराव हळूच म्हणाले. लग्नात अक्षता पडतानाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"लोंबतंय तर खोचा कुठेतरी," बाई म्हणाल्या.

"पुराव्याला हात लावायचा नसतो."

"मग राहू दे तसंच. गाडी चालतेय ना?"

"चालणं आणि निर्दोष असणं या भिन्न गोष्टी आहेत."

"ते मला तीस वर्षं माहीत आहे," त्यांच्याकडे पाहत बाई म्हणाल्या.

पुराव्याला हात लावायचा नाही. मोहोरबंद मात्र करायचा, कारण गाडी हाती येताच दलाल नळी गुपचूप जोडून टाकणार नाही याची हमी कोण देणार? अर्जरावांनी नळीला दोरा बांधला, त्यावर चिठ्ठी लटकवली, मेणबत्तीवर लाख वितळवून नळीचे तोंड नीट बुजवले आणि त्यावर आपल्या आद्याक्षरांची पितळी मोहोर दाबली. मग चार पानी तक्रार लिहिली. मसुद्याविना, आयुष्यात पहिल्यांदाच.

दलालाकडे निघताना ऊन रणरणत होते. बाई गाडी चालवत होत्या, ओठ घट्ट मिटून. एसी जोरात सुरू होता. अर्ध्या वाटेवर अर्जरावांच्या पायमोज्यांना गारवा जाणवला. पुढच्या चौकात बूट ओले झाले. त्यापुढच्या चौकात पायांशी ठेवलेल्या तक्रारीचे चौथे पान तिसऱ्याला चिकटले.

"गाडी थांबवू नकोस," ते पाय वर घेऊन, मांडी घालून बसत म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. "दुसरा दोष. गाडी आतून पाझरते." मांडीवर कागद धरून त्यांनी पुरवणी मुद्दा लिहिला.

बाईंनी डोळे दोनदा पुसले.

दलालाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, वाकून पाहिले आणि बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. हसू आवरायला त्याला तेवढा अवधी लागला.

"काका, ही एसीच्या पाण्याची नळी. पाणी बाहेर पडावं म्हणून ती मोकळीच असते. हिच्या तोंडात लाख कोणी भरली?"

दलालाने चष्मा पुसून मोहोरेवरची आद्याक्षरे वाचली, मग तक्रारीखालची सही वाचली आणि दोन्ही पुन्हा वाचले. "मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे," तो सौम्यपणे म्हणाला. "परत करायची असेल तर करा, साहेब. दोष काय तो तेवढा लिहा."

अर्जरावांनी पेन उघडले. बाई आत स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या, उतरायला सांगितलेल्या प्रवाशासारख्या. खोटे लिहिणे अर्जरावांच्या शिक्षणात बसत नव्हते. आणि खरा दोष लिहायचा तर तो दोष त्या क्षणी ओल्या मोज्यांत उभा होता.

"तक्रार मागे घेण्याचा नमुना अर्ज आहे का?" त्यांनी विचारले.

"आजवर कोणी मागितला नाही."

"तुमच्याकडची व्यवस्थाच ढिसाळ," असे सुनावून त्यांनी स्वतःच दोन ओळी लिहिल्या, पोच घेतली आणि मेकॅनिक लाख खरवडून काढीपर्यंत तिथेच उभे राहिले. नळीतून भसकन पाणी आले, ते थेट मेकॅनिकच्या बाहीत.

पुढची जागा ओली होती, म्हणून ते मागे बसले.

"घरी सोडू की ताईकडे येताय?" बाईंनी आरशातून विचारले.

"मला विचारण्याची आवश्यकता नाही," अर्जराव म्हणाले. "गाडी तुझी आहे."

बाईंनी ताईच्या घराकडे गाडी वळवली, आणि इंडिकेटर लावायला विसरल्या. अर्जरावांनी ते पाहिले, तोंड उघडले आणि मिटले.