बिजाच्या लाकडाचा येशू

देवावर इतका गाढ विश्वास आणि देवाच्या नावावर खपणाऱ्या गोष्टींवर तितकाच गाढ अविश्वास, हे दोन्ही एकाच सदऱ्यात वागवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चांद्याच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत आणि माझ्या शेजारच्याच खोल्यांत राहत. मूळचे वसईकडचे, कॅथलिक. घरात बायको असूनही गावाने त्यांचं नाव 'फादरमास्तर' ठेवलं होतं. फादर कुणाला म्हणतात आणि ते लग्न का करत नाहीत, हे पहिलं वर्षभर ते भेटेल त्याला रस्त्यात थांबवून सांगत. दुसऱ्या वर्षी लोक म्हणू लागले, "फादरमास्तर लय समजावून सांगतेत."

खरं बोलण्याचं तर त्यांना व्यसनच होतं. एकदा गोंडपिपरीहून एक गृहस्थ शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याची, होऊ घातलेल्या जावयाची, चौकशी करायला आले. मास्तर म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे, आईला जपतो, पण आळशी आहे आणि भूमितीत ढ." मी कपाळाला हात लावला. लग्न मात्र झालं. "दोष लपवून नाई ठेवला, म्हणजे गुण बी खरेच असतीन," असा त्या गृहस्थांनी हिशेब केला. विज्ञानाचे मास्तर त्यांना नेहमी डिवचत, "भूमिती शिकवता अन् देवळात गुडघे टेकता, जमते कसं तुमाले?" फादरमास्तर शांतपणे सांगत, "डोकं त्यानेच दिलंय. ते चपलांबरोबर दाराशी काढून ठेवा, असं तो कशाला म्हणेल? सत्य एकच असतं हो. तुम्ही एका दाराने आत या, मी दुसऱ्या." मग दोघं मिळून चहा मागवत आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

फादरमास्तरांच्या बायकोचे पाय एका तापात गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. मास्तर रोज सकाळी तिच्या खाटेशी प्रार्थना करत आणि लगेच बाह्या सारून पायांना तेल चोळायला बसत. एकावाचून दुसरं म्हणजे आळस, असं त्यांचं म्हणणं. बाई हसून म्हणायच्या, "देवालाही हे गृहपाठ देतील."

खाणीजवळच्या मोजक्या कॅथलिक घरांनी तेव्हा एक कौलारू देऊळ उभारलं होतं. पाद्री महिन्यातून एकदा नागपूरहून येई. क्रुसावरचा येशू मास्तरांच्या घाईवरून आमच्या आळीतल्या सुतारभाऊंनी सणाआधी घडवून दिला. देवाच्या अंगावर नीट कपडा काऊन नाई, म्हणून ते हळहळतही होते. श्रावणात कौलं गळली आणि एका सकाळी येशूच्या बरगडीतून लाल थेंब ओघळताना दिसले. दुपारपर्यंत राजुऱ्यापर्यंत बातमी गेली. बाया नारळ घेऊन आल्या, खाणीवरचे मुसलमान कामगार टोप्या नीट करून उभे राहिले. "देवाचं रगत वाहून राह्यलं," जो तो म्हणत होता. बाईंनी खाटेवरून सांगितलं, "मला न्या. मला आज पायांत काहीतरी कळतंय."

मास्तरांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी आशा मी पाहिली, ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. गाडी जुंपायला सांगून ते आधी एकटेच देवळात गेले, सोबत मी. त्यांनी गुडघे टेकले, बराच वेळ डोळे मिटले, मग उठून रुमालाने येशूची पाठ पुसली. तिथे जखम नव्हती, तरी रुमाल लाल झाला. तसेच ते सुतारभाऊंकडे गेले. अंगणात उरलेला ठोकळा पडला होता. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि खालून तांबडं पाणी वाहू लागलं.

सुतारभाऊंनी मान खाली घातली. "सागवान नाई भेटला, मास्तर. बिजाचं लाकूड हाय. ते भिजलं का रंग सोडते. वाळू द्याले पाह्यजे होतं, पन तुमच्या सणाची घाई..." मग हात जोडून म्हणाले, "पन सांगू नका ना. लोकाइले बरं वाटून राह्यलं. बाईले बी वाटन."

मास्तरांनी त्या ठोकळ्यावरून हात फिरवला. म्हणाले, "ते खरं असावं असं मलाही फार वाटतंय हो. म्हणूनच खोटं चालणार नाही."

देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. दोष मात्र सुतारावर न घालता घाई करणाऱ्यांवर, म्हणजे स्वतःवर घेतला. कुणी शिव्या दिल्या, कुणी नारळ परत नेले. "पक्का नास्तिक हाय हा," एक म्हातारा जाता जाता बोलला, आणि मास्तर पहिल्यांदाच कुणाला समजावायला थांबले नाहीत.

घरी बाई नवं लुगडं नेसून तयार होत्या. मास्तरांनी खाटेशी बसून सांगितलं. आवाज वर्गातल्यासारखा स्थिर ठेवायला गेले आणि मध्येच फुटला. बाईंनी विचारलं, "हात लावून बघितलंत?" "हो." बाईंनी डोळे मिटले. मी उठून जावं की काय, मला कळेना.

"लोक गेले सगळे?"

"गेले."

"मग गाडी सोडायला नका सांगू," बाई म्हणाल्या. "आता तिथे तो एकटाच असेल."

मास्तरांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं. बाई पुढेही कधी चालल्या नाहीत. मी देवाला रोज काही ना काही मागणारा माणूस. पण त्या दिवशी, काहीही मिळणार नाही हे कळल्यावर त्याला भेटायला निघालेली ती दोघं पाहिली आणि माझ्या मागण्या मला फार हलक्या वाटल्या.