वाटून दिलेला छंद

छंद नसलेला मुलगा मला चालायचा नाही. साठच्या दशकात मी साताऱ्याजवळच्या एका लष्करी निवासी शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि अकरावीच्या मुलांना अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे उभं करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. मुलाखतीत हमखास प्रश्न यायचा, तुझा छंद कोणता? आमची मुलं शेतकऱ्यांची, शिपायांची, खेड्यातल्या मास्तरांची. छंद हा शब्दच बऱ्याच जणांनी शाळेत आल्यावर ऐकलेला. मग मेसमध्ये चपात्या वाटाव्यात तसे मी छंद वाटायचो. एकाला बागकाम, एकाला वाचन. एकाला फोटोग्राफी दिली होती, त्यानं कॅमेरा फक्त वर्गाच्या ग्रुप फोटोच्या वेळी पाहिलेला. शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात मी टेबलामागे कर्नल होऊन बसायचो आणि मुलं आत येऊन कडक सलाम ठोकून पाठ केलेली उत्तरं द्यायची. मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं.

जतकडच्या एका मुलाला मी पोस्टाची तिकिटं दिली. म्हणजे छंद दिलाच, आणि माझा स्वतःचा अल्बमही दिला. पोरगा उंच, काटक, मैदानावर सगळ्यांच्या पुढे. गणितात चांगला, इंग्रजीत बेताचा. त्याचे वडील मेंढपाळ होते. मी सांगली शहरातला. जत म्हणजे आमच्यासाठी बदलीची शिक्षा. त्यामुळे त्याला वर काढायचं म्हणजे आधी जतमधून बाहेर काढायचं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दिवाळीनंतर त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाले होते. वाटेत शाळेपलीकडच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी दोन रात्री मेंढरं रानात बसवून घेतली. मुलानं भेटायची परवानगी मागितली आणि संध्याकाळी मी त्याला घेऊन गेलो. दिवसभर चरून आलेल्या मेंढ्या ओरडत होत्या, जाळीच्या वाघरीत तीसेक कोकरं ओरडत होती. वडिलांनी मला हात जोडले, घोंगडी अंथरून बसायला दिली. तेवढ्यात हा कडक इस्त्रीच्या गणवेशात वाघरीत शिरला. एकेक कोकरू उचलायचा, त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि त्या गर्दीतून नेऊन नेमक्या त्याच्या आईखाली सोडायचा. एकही मेंढी लाथ मारून दूर गेली नाही. ही कोकरं तो वसतिगृहात परतल्यावर जन्मलेली, त्यानं ती कधी पाहिलेलीच नव्हती.

"अरे, तुला कसं कळतं?" मी विचारलं.

"कान बघा की सर, आईवरच गेल्यात," तो म्हणाला. शाळेतली शुद्ध भाषा तो वाघरीबाहेर ठेवून आला होता.

"आवं मास्तर, दोनशे मेंढरं हायत, समदी तोंडानं वळखतोय," वडील म्हणाले. "आंधारात हरवल्यालं बी हुडकून आणतंय पोरगं. लय डोस्कं हाय त्येला."

मी थक्क झालो होतो, हे खरं. पण परतताना मी त्याला काय म्हणालो? "हे मुलाखतीत काढू नकोस. वडील शेती करतात, एवढंच सांग. छंद, तिकिटं. मध्येच उत्तर बदलायचं नाही, बदललं की माणूस गडबडतो." तो "यस सर" म्हणाला. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात शिरू नये, याला काय म्हणावं? शिकवून शिकवून मी असा झालो होतो.

एप्रिलमध्ये तो भोपाळला मुलाखतीला गेला. पाच दिवसांनी परतला तो अल्बम परत द्यायला, स्वच्छ फडक्यात बांधून. निवड झाली नव्हती.

मी विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं. धावणं, चढणं, गटातली कामं उत्तम झाली होती. मुलाखतीला बसलेले साहेब स्वतः तिकिटं जमवणारे निघाले. पहिलं तिकीट कुठून मिळालं? वडिलांनी दिलं. वडील काय करतात? शेती. किती एकर? पीक काय? याला तासगावची द्राक्षं आठवली, म्हणून द्राक्षं. छाटणी कधी करता? तिथं गाडं अडलं. मग साहेबांनी समोरची फाईल मिटली, पाणी दिलं आणि म्हणाले, हे बघ बाळ, ते सोड, तुला मनापासून काय आवडतं ते सांग.

"मग?" मी विचारलं.

"तिकिटं म्हणालो, सर." तो ताठ उभा होता. "त्यांनी दोनदा विचारलं. मी शेवटपर्यंत बदललं नाही."

शाबासकीसाठी थांबल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. त्या साहेबांनी दार उघडून धरलं होतं आणि माझा शब्द पाळायचा म्हणून हा दारातच उभा राहिला होता. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, चूक माझी, तुझी नव्हे. मी म्हणालो, "तयारी कमी पडली तुझी." तो "यस सर" म्हणाला, सलाम करून निघून गेला.

जूनच्या तोंडावर मेंढरं कोकणातून परत वर आली. वडील एकटेच फाटकाशी आले. पोरगं बेळगावला शिपाई म्हणून भरती झालं, असं त्यांनी सांगितलं. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मग चाचरत म्हणाले, "मास्तर, एक इच्यारू का? त्येला इच्यारलं तर सांगत न्हाई. कुटं कमी पडलं वो पोरगं?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. रस्त्यावर मेंढरं थांबली होती.

तेही तिकडंच बघू लागले. "आमची मेंढरंच आडवी आली म्हना की," ते हळूच म्हणाले. "सायबास्नी कळलं आसंल, बाप मेंढक्या हाय म्हून."

खरं तर मेंढरांनीच त्याला तारलं असतं. हे मला तेव्हा माहीत होतं आणि सांगायला माझ्याजवळ तोंडही होतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्यानं सांगितलं का नाही?

त्यांनी मला पुन्हा हात जोडले, "तुमी लय केलंसा पोरासाठी," म्हणाले आणि मेंढरं हाकत निघाले.