अजून ताज्या

माझी धाकटी नणंद शैला महाबळेश्वरजवळच्या गावात स्ट्रॉबेरी पिकवायची. तिच्याकडून निघताना तिने ऊन चढण्याआधी तोडलेली फळं कागद अंथरलेल्या डब्यात एकेरी मांडून दिली. "वहिनी, देठ काढू नका, धुऊ नका. पोचताच फ्रीजमध्ये ठेवा, चांगल्या टिकतील," असं बजावलंही.

त्याच आठवड्यात फोन आला. शैला शेतातच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला निरोप देऊन आम्ही घरी परतलो. पाण्याची बाटली घ्यायला मी फ्रीज उघडला, तर समोर शैलाने दिलेला डबा. डब्यातल्या स्ट्रॉबेरी लालबुंद होत्या. एकही मऊ पडली नव्हती, देठाची हिरवी पानंसुद्धा ताठ होती. ज्या हातांनी त्या तोडल्या, ते हात आम्ही नुकतेच अग्नीच्या स्वाधीन करून आलो होतो. इतकं नाजूक, बघता बघता नासणारं फळ मागे उरतं आणि धडधाकट माणूस निघून जातं, हे मला समजेचना.

हे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"अगं, ताज्या आहेत अजून," म्हणाले, आणि बहिणीसाठी त्यांना पहिल्यांदाच हुंदका फुटला.

फ्रीजचं दार लावायचं भान दोघांनाही राहिलं नाही. गार हवा आमच्या पायांवर येत राहिली.