रेवीची आई

गेल्या आठवड्यात साउथ आयलंडला डोंगरातला गाइडेड ट्रेक करून आलो. मी, माझा नवरा अजय आणि पुण्याहून आमच्याकडे ऑकलंडला राहायला आलेल्या माझ्या सासूबाई... हो हो, सासूबाईसुद्धा!

खरं तर अजयला इन्का लोकांचे अवशेष बघायला पेरूला जायचं होतं. "पेरू मंडईत मिळतात की, त्यासाठी विमान कशाला?" इति आई, म्हणजे सासूबाई. पण एवढी मोठी सुट्टी आम्हा दोघांनाही मिळेना. मग इथलीच एक वाट ठरवली... इथले मूळचे माओरी लोक पूर्वी हत्यारं-दागिन्यांसाठी हिरवा दगड आणायला डोंगर ओलांडून जायचे, ती. वाटेच्या शेवटी त्यांच्या जुन्या मुक्कामाच्या खुणा आहेत.

आईंनी जाहीर केलं, मीपण येणार. अजय म्हणाला, नाही. तो आईंना कशालाच हो म्हणत नाही... एकटी बसने जाऊ नकोस, स्टुलावर चढू नकोस, अगदी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायलासुद्धा नको, मी येताना आणतो. काळजीपोटीच हो सगळं, पण नाही म्हणजे नाही! या वेळी मात्र मी भांडले. ज्या बाई दर रविवारी सिंहगड चढायच्या, त्यांना सोफ्यावर काय बसवून ठेवतोस? आणि तिघांचं बुकिंग करून मोकळी झाले.

ग्रुपला दोन गाइड होते. पुढे एक तुरुतुरु चालणारी मुलगी आणि सगळ्यात मागे रेवी. रेवी माओरी, दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा, आणि बोलायला अगदीच कमी. आई सगळ्यात हळू, त्यामुळे दिवसभर त्याच्याच सोबत.

पहिल्याच दिवशी आईंनी आपल्या इंग्लिशमध्ये त्याला विचारलं, "यू माओरी?" तो हसून म्हणाला, "आए."

आई जागच्या जागी थांबल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तो मला आई म्हणाला!"

आता माओरीत 'आए' म्हणजे 'हो'. माझ्या ऑफिसमध्ये एक माओरी मैत्रीण आहे, त्यामुळे मला माहीत होतं. अजयलाही माहीत होतं, तो हसायला लागला, पण मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. आईंचा चेहरा एवढा फुलला होता... काय बिशाद होती माझी खरं सांगायची!

मग काय, धमालच. "लाँग वे?" आए. "बिग क्लाइंब?" आए. "रेन कमिंग?" आए. एकापेक्षा एक वाईट बातम्या, आणि आमच्या बाई खुशीत डोलत चालल्यात!

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आईंचा गुडघा सुजला. आम्ही रात्री राहिलो त्या हटवर सामान घेऊन हेलिकॉप्टर येणार होतं. पुढची गाइड म्हणाली, त्यातून खाली जाता येईल, पण एकदा खिंड चढायला लागलो की मग परत फिरणं अवघड. अजयने तर त्यांची बॅगसुद्धा उचलली. "आई, बास झालं आता. तू खाली जा."

आईंचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं... एवढ्या हौसेने आलेली बाई, आणि आता सगळे पुढे जाणार आणि ती तेवढी परत. मग त्या अजयला ओलांडून सरळ रेवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आय वॉक. व्हेरी स्लो. यू वेट फॉर मी?"

रेवीने खाली बसून त्यांचा गुडघा नीट दाबून, वाकवून पाहिला. त्यांना चार पावलं चालायला लावलं. मग वर बघून म्हणाला, "आए."

आईंनी अजयच्या हातातून बॅग ओढून घेतली. "मला आई म्हणणारा मुलगा मध्येच सोडून जाईल का रे?"

आणि चालल्या! रेवीने त्यांचा गुडघा बांधून दिला, बॅग स्वतःच्या पोटाशी अडकवली. खिंडीत वारा असा, की मलाच उडवतोय की काय वाटत होतं. रेवी एक पाऊल टाकायचा, थांबायचा, आई एक पाऊल टाकायच्या... आम्ही वर पोचून, चहा पिऊन पुन्हा गारठलो, तेव्हा कुठे त्या दोघांच्या टोप्या दिसल्या. सगळा ग्रुप टाळ्या वाजवत होता. मी तर रडलेच.

शेवटच्या दिवशी तो जुना मुक्काम पाहिला. जमिनीतल्या चुलीचे काळे दगड, बस्स एवढंच. आईंनी लांबच बूट काढले आणि हात जोडले. रेवीही त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभा राहिला.

गावात आल्यावर आईंनी कॉलिंग कार्डावरून साताऱ्याला बहिणीला फोन लावला. "अगं, मला इथे एक मुलगा मिळालाय. आई म्हणतो मला!" आणि परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या आमच्या शहाण्याला राहवलं नाही. दिलं सांगून, 'आए' म्हणजे 'हो'. अस्सा राग आला ना मला!

आईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी जे जे विचारलं, त्या सगळ्याला तो हो म्हणाला?"

"हो..." अजय म्हणाला.

"मग बरंच की रे. आई म्हणायला तू आहेसच. हो म्हणणारं कोणी नव्हतं."

अजय त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिला.

रेवी, तुला मराठी वाचता येत नाही, तरी लिहिते... थँक यू रे बाबा. काल आईंनी अजयला काहीतरी विचारलं, आणि तो आधी सवयीने 'ना...' म्हणाला, आणि मग म्हणाला, 'हो आई, जा.'