परस बोलत नसतो

फ्लेक्सवाल्याला मी फोनवर ओरडून सांगितलं होतं, "विहिरींचे परस!" नेमका तेव्हाच मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. त्यानं मोबाईलवर नमुना पाठवला, मी चष्म्याशिवायच पाहिला आणि अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा झालो. आजोबांनंतर आमच्या घरात न वाचता अंगठा देणारा मीच. शाळेच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिसगावहून फ्लेक्स आणून अंगणात उलगडला, तर ठळक अक्षरांत 'विहिरींची परसबाग'. खाली टोमॅटो, दोन वांगी आणि कोथिंबिरीची जुडी.

परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केला की जेवढी उंची भरते तेवढं माप. आमच्याकडं विहिरीचं पाणी अजून परसातच सांगतात. नववीतल्या आमच्या लेकीनं मागच्या दिवाळीपासून गावातल्या तीन विहिरींचं पाणी मोजलं होतं. दगड बांधलेला दोर तळाला टेकवायचा, वर ओढायचा, आणि जिथपर्यंत भिजला असेल तिथं साडीची चिंधी बांधायची. दिवाळीला लाल, संक्रांतीला हिरवी, पाडव्याला पिवळी. अभ्यास चोख होता. काळजी वेगळीच होती. चार माणसांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मागच्या वर्षी परीक्षकांपुढं ती तक्त्याकडं बोट दाखवत उभी राहिली आणि तशीच घरी आली. यंदा फ्लेक्सच बोलेल, असा माझा हिशेब होता.

फ्लेक्स बघून ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, सकाळी लवकर चला. दोर सोडायचेत."

सकाळी तिनं शाळेच्या गच्चीवरून तिन्ही दोर खाली सोडले. दगड पटांगणाला टेकले. लाल चिंध्या पार गच्चीच्या कठड्याशी, हिरव्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांपाशी, पिवळ्या माझ्या गुडघ्याशी. मला दोरांशेजारी हात वर करून उभं केलं.

"असंच ऱ्हायचं?"

"व्हय. सर येईपर्यंत."

सर, म्हणजे बाहेरगावचे परीक्षक, तासाभरानं आले. तोवर माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि पाचवीतली दोन पोरं मला टेकून डबा खात होती. सरांनी विचारलं, "तक्ता कुठंय?"

लेक नखानं दोराचा पीळ उकलत राहिली. मला राहवलं नाही. "त्याचं काय आहे सर, आमच्या आजोबांच्या काळी…"

"पप्पा!" ती म्हणाली. "तुमी परस हाय ना? परस बोलत नसतो."

पोरं खिदळली. सरही हसले. आणि त्या हसण्यात तिची जीभ सुटली. "सर, तुमी आता विहिरीच्या तळाशी उभे हायेत. वर बघा." सरांनी मान वर केली. "दिवाळीला लाल चिंधीपर्यंत पानी हुतं, तीन परस. म्हंजी माझ्या पप्पांवर पप्पा, त्यांच्यावर पप्पा."

"एक पुरे आहेत," सर म्हणाले. "आणि उन्हाळ्यात?"

तिनं खाली वाकून दगडाला बांधलेली पांढरी चिंधी दाखवली. "मे महिन्यात दोर कोरडाच वर आला सर. बांधायला जागाच न्हवती. मग दगडालाच बांधली."

सरांनी वाकून तो दगड उचलून पाहिला. मग दुसऱ्या विहिरीचं विचारलं, तिसरीचं विचारलं. ती सांगत गेली. कोणत्या विहिरीवर किती मोटारी, कोणाचा ऊस, कोणाच्या म्हशी. माझा हात कधीच खाली आला होता, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

नंबर काही आला नाही. तक्ता सक्तीचा होता म्हणे. पण परतीच्या वाटेवर मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ती गावापर्यंत बोलत होती, आणि मी पहिल्यांदाच नुसतं ऐकत होतो.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं, थोडी भर घालून. शेवटी म्हणालो, "कमाल आहे! घरात कधी चकार शब्द न काढणारी पोरगी, आज एवढं बोलली कशी?"

भाकरी परतत ती म्हणाली, "अहो, घरात पण बोलली असती. तुम्ही मधी दम घ्यायला थांबला असतात तर!"