सगुणेच्या नाकातलं तूप

हसायचं असंल तर आदीच हसून घ्या, मंडळी. मागनं हसू येईलच असं न्हाई. ह्या वयात म्या लई माती खाल्ली.

नसरापूरच्या पलीकडं, सोडवून आणलेली जनावरं ठेवत्यात, तितं मी पिंजरे झाडतो, दाणापाणी बघतो. तितलीच सगुणा. मदाऱ्याकडनं आलेली म्हातारी माकडीण. समदा जन्म दोरीला बांधून गेलेला, रानात सोडून जगायची न्हाई. कुणाला जवळ येऊ द्यायची न्हाई, पण माज्या मांडीवर डोकं टेकून उवा काढून घ्यायची.

थंडीत तिला खोकला लागला. जरासाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, साधी सर्दी आहे. उबेला ठेवा."

नुसतं उबेला? आमच्या हिर्डोशीत पोराला सर्दी झाली की काय करत्यात? नाकात कोमट तूप! माजी समदी पोरं त्याच्यावर वाढली. मग सगुणा काय परकी? रोज सकाळी, बाई यायच्या आत, तिचं डोकं मांडीवर धरून दोन्ही नाकपुड्यांत तूप सोडायचो. ती वळवळायची, शिंकायची, हाताला बोचकारायची.

"गप गं," मी म्हणायचो, "औषध कुणाला ग्वाड लागतं?"

खोकला वाढला. मग म्या काय केलं? तूप वाढवलं!

बाईंनी छातीचा फोटो काढला, तर आत पांढरं जाळं. "टीबी असेल," म्हणाल्या. झालं! सगुणा वेगळ्या खोलीत, आमच्या तोंडाला फडकी, आन् माजीबी तपासणी. सुट्टीला गावी गेलो, तर बातमी माज्या आदीच्या यष्टीनं पोचलेली. पारावर बसलो, तर आमचा शिरपा लांब सरकला.

"का रं?"

"न्हाई, ऊन लागतंय."

"सावलीत?"

टीबी मला न्हवता. सगुणेलाबी न्हवता. मग पुण्याचे मोठे डॉक्टर आले. तिला गुंगी देऊन, नळी घालून छातीतलं पाणी काढलं. बाटली उजेडात धरली, तर वर तवंग!

"तेल!" डॉक्टर चक्रावले. "फुफ्फुसात तेल साचल्याचा आजार आहे हा. पिंजऱ्यातल्या माकडात मी कधी पाहिला नाही. पण हिच्या छातीत तेल आलं कुठून?"

समदे एकमेकांकडं बघाय लागले. माज्या मात्र जिवाला लागलं.

"तेल न्हवं, सायेब," मी ताठ मानेनं म्हणालो. "तूप हाय त्ये. घरच्या म्हशीचं. डालड्याचा थेंब न्हाई!"

कुणी हसलं न्हाई. कुणी ओरडलंबी न्हाई, त्ये जास्त लागलं. बाई हळू म्हणाल्या, "बाबा, ते पोटात नाही गेलं. रोज थोडं थोडं छातीत उतरलं."

औषधं लई केली त्यांनी. पण सगुणा त्यातनं उठली न्हाई. शेवटी शेवटी मी केळं घेऊन गेलो, की भिंतीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी नाक झाकून बसायची.

परवा घरी मलाच खोकला लागला. सून वाटी घेऊन आली. "मामंजी, मान वर करा. कोमट हाय."

माजे दोन्ही हात आपसूक नाकावर गेले. भिंतीकडं तोंड केलं.

सून हसाय लागली. "अगं बया! माकडावानी काय करताय?"

म्हणलं, "सूनबाई, माकडाला आदीच कळलं हुतं. मलाच उशीर झाला."