गिचक्या भाताचे गोळे

आमच्या घरात आधी भाताची इज्जत, मग माणसांची. सासूबाई वर्षभर मुरलेला जुना तांदूळ शिजवतात, पेज पसवून ओतून टाकतात आणि पातेलं हलवून बघतात. दाणा दाण्याला चिकटला, की सुनेच्या माहेराचा उद्धार होतो. नवा तांदूळ शिजवला की चिकट, गिचका होतो म्हणून त्याला वर्षभर कोठीत बसवतात.

अशा या धानाच्या घरात माझी दीड वर्षाची लेक भात खात नव्हती. चमचा दिसला की तोंड बंद. पावसाळ्यातली झबली तिला हिवाळ्यातही सैल होत होती, आणि मला धडकी भरत होती. डॉक्टर म्हणाले, तिला हाताने खाऊ द्या. आमचा मोकळा भात तिच्या हातात देणं म्हणजे अंगणातल्या चिमण्यांची सोय.

मग मोबाइलवर एक जपानी आई भेटली. तिने भाताचे तिकोनी गोळे वळले, समुद्री शेवाळाची पट्टी गुंडाळली, आणि तिचं गुणी लेकरू एक शीत न सांडता खाऊन मोकळं झालं. तिच्या स्वयंपाकघरात सासू कुठे दिसली नाही. शेवाळाचं ऐकून नवऱ्याने तत्परतेने विचारलं, "बोदलकसाच्या तलावातलं आणू का?" घरकामात त्यांची मदत ही अशी.

पहिल्या दिवशी मी सासूबाईंचाच भात घेतला. दाबला, सुटला. तूप घातलं, आणखी सुटला. सासूबाईंची शिस्त दाण्यांच्या अंगात चांगलीच मुरली होती.

दुसऱ्या दिवशी त्या शेतावर गेल्या, तसा मी कोठीतला नवा तांदूळ काढला. पेज न पसवता शिजवला आणि झाकून ठेवला. छान गिचका झाला. ओल्या हातांना मीठ लावून लेकीच्या मुठीत मावतील असे चपटे गोळे वळले, वरून तिळाची पूड लावली.

तेवढ्यात सासूबाई परतल्या, सोबत शेजारच्या काकू. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर.

सासूबाईंनी पातेल्यात पाहिलं. "हे काय करून राहिली वं? भात हाय का खळ?"

मी तोंड उघडायच्या आत लेकीने ताटातला एक गोळा उचलला आणि चावला. थुंकेल म्हणून मी हात पुढे केला. तिने गिळला, दुसरा उचलला. मला रडू आवरेना.

काकूंचं लक्ष अजून पातेल्यातच होतं. "माय वं, तुमच्या घरी असा भात? सुनेले पेज पसवाले शिकवलं नाई काऊन?"

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं. मग हात धुतले, तळव्यावर मीठ चोळलं आणि पातेलं स्वतःकडे ओढलं.

"मीच सांगतलं तिले, पसवू नको म्हणून," त्या म्हणाल्या. "पोट्टी खाऊन राहिली, दिसत नाई का?"